फुफ्फुसाचा मागचा बाक

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू रोज काय काम करतेस ते सगळ्यांना कळेल असं सांग. अर्धा तास." भूलतज्ज्ञाचं भाषण म्हणजे श्रोते झोपणार, हा विनोद सूत्रसंचालकांनी आधीच करून टाकला आहे. त्यामुळे तो पुन्हा करायची जबाबदारी माझ्यावर राहिलेली नाही.

काल संध्याकाळी चहाच्या वेळी मला निदान सहा जणांनी विचारलं, "भूल द्यायची म्हणजे एक इंजेक्शनच ना?" इंजेक्शन आहे हे खरं. पण झोपवणं हा कामाचा सोपा भाग. माणूस झोपलेला असताना त्याचा श्वास आपण चालवायचा आणि उठताना त्याचं फुफ्फुस जसं होतं तसं त्याला परत द्यायचं, हे खरं काम. त्यातली एकच गोष्ट मी आज सांगणार आहे. भूल दिल्यावर फुफ्फुसाचा काही भाग मिटतो. आजारी माणसाचा मिटतो, धडधाकट माणसाचाही मिटतो. दहातल्या नऊ जणांना हे होतं. हाच विषय मी का घेतला, तर आपण सगळे पंचावन्न ओलांडलेले आहोत आणि समोर पहिल्या रांगेत बसलेले आपले गुरुजन पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. येत्या दहा वर्षांत या सभागृहातल्या बऱ्याच जणांचं काही ना काही ऑपरेशन होणार आहे. पित्ताशय, हर्निया, गुडघा, बायपास. तेव्हा हे ऐकलेलं उपयोगी पडेल.

फुफ्फुस म्हणजे मोठी रिकामी पिशवी नव्हे. आपल्याला बाईंनी फळ्यावर द्राक्षाच्या घडासारखी आकृती काढून दाखवली होती, ती आठवा. तसे तीस ते पन्नास कोटी बारीक वायुकोश आत असतात. उभं असताना श्वासपटल खाली ओढलेलं असतं, पोट खाली असतं, फुफ्फुसाला भरपूर जागा असते. आपण साधा श्वास बाहेर सोडला तरी आत दोन-अडीच लिटर हवा शिल्लक राहते. हा साठा फार मोलाचा. प्रीतिसंगमावर पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशा पैजा लावायचो, तेव्हा आपण याच साठ्यावर जगत होतो.

आता माणूस उताणा झोपला की पोट श्वासपटलाला वर ढकलतं आणि या साठ्यातली पाऊण ते एक लिटर हवा कमी होते. भूल दिली की श्वासपटलाचा ताण जातो आणि आणखी अर्धा लिटरच्या आसपास घट होते. छातीतली सगळी वजनं, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसाचा स्वतःचा भार, पाठीकडच्या भागावर येतात. तिथले वायुकोश दाबले जातात आणि मिटतात. पुढचा भाग उघडा राहतो, पाठीकडचा आणि श्वासपटलाजवळचा भाग बंद होतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी याला फुफ्फुसाचा मागचा बाक म्हणते. वर्ग चालू असतो, पुढच्या रांगा उत्तरं देत असतात आणि मागचा बाक गाढ झोपलेला असतो.

रक्ताला मात्र याचा पत्ता नसतो. ते मागच्या बाकाकडेही जातच राहतं आणि तिथे हवा नसल्यामुळे ऑक्सिजन न घेता तसंच परत येतं. हे झालं टेबलावरचं नुकसान. दुसरं नुकसान नंतरचं. मिटलेल्या भागात कफ साचतो, जंतूंना बसायला जागा मिळते आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया उभा राहतो. हा मिटलेला भाग काही वेळा ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस तसाच राहतो, विशेषतः पोटाच्या वरच्या भागाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर.

हे कळायला डॉक्टरांना बराच काळ लागला. १९६३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या बेंडिक्सेन, हेडली-व्हाइट आणि लेव्हर या तिघांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. मशीनवर एकसारखे, ठरावीक मापाचे श्वास देत राहिलं की रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन हळूहळू उतरतो आणि फुफ्फुस ताठर होत जातं. मध्ये काही मोठे श्वास दिले की ते सुधारतं. त्यांनी तर्क केला की वायुकोश मिटत असले पाहिजेत. पण पुरावा दाखवता येईना, कारण साध्या एक्स-रेत काही दिसत नव्हतं. जागेपणी आपण सगळे अधूनमधून नकळत एक मोठा सुस्कारा टाकतो. तो काही नुसता कंटाळ्याचा नसतो, तो फुफ्फुस उघडण्यासाठी असतो. मशीनला सुस्कारा टाकता येत नव्हता.

पुरावा मिळाला तो बावीस वर्षांनी. स्टॉकहोमजवळच्या हुडिंगे इथे गोरान हेडेनस्टिएर्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या माणसांचे सीटी स्कॅन काढले आणि १९८५ साली ते प्रसिद्ध केले. भूल दिल्यावर पाच मिनिटांच्या आत फुफ्फुसाच्या पाठीकडच्या भागात पांढरी पट्टी उमटलेली दिसली. त्यांची फुफ्फुसं निरोगी होती. चित्रात ही पट्टी लहान दिसते, पण तिथली ऊती हवेविना दाटून बसलेली असते. हिशोब केला तर फुफ्फुसाचा पंधरा ते वीस टक्के भाग बंद झालेला निघतो. बोस्टनवाल्यांचा तर्क बरोबर होता.

आता एक गंमत सांगते, ती विज्ञानाच्या बाईंसाठी. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे आपण पाठ केलं होतं. त्याचा उपयोग काय, असं आपल्यातल्या एकानं विचारलं होतं आणि वर्ग हसला होता. श्वासापुरता तरी तो बिनकामाचा वायू असंच आपल्याला वाटत होतं. बाई, तो बिनकामाचा नाही. ऑक्सिजन रक्तात शोषला जातो, नायट्रोजन फारसा शोषला जात नाही. तो वायुकोशात बसून राहतो आणि त्याला आतून आधार देतो. घरात कमावणारे बाहेर जातात आणि आजोबा ओसरीवर बसून घर उघडं ठेवतात, तसं. शुद्ध ऑक्सिजन दिला की हा आजोबा बाहेर ढकलला जातो. मग एखाद्या वायुकोशाची वाट जरा अरुंद झाली की आतला सगळा ऑक्सिजन शोषला जातो आणि वायुकोश पार मिटतो.

मग शुद्ध ऑक्सिजन देता कशाला, असं तुम्ही विचाराल. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालेपर्यंत रुग्णाचा श्वास बंद असतो. नळी पटकन गेली नाही तर साठा हवा. स्वीडनमध्ये एडमार्क आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ३६ निरोगी स्त्रियांवर हे मोजलं. आधी १०० टक्के ऑक्सिजन दिला तर श्वास बंद झाल्यावर रक्तातलं प्रमाण ९० टक्क्यांवर यायला सुमारे सात मिनिटं लागली. ८० टक्के दिला तर पाच, ६० टक्के दिला तर साडेतीन. आणि वायुकोश मिटण्याचं प्रमाण बरोबर याच्या उलट. १०० टक्क्यांत सर्वांत जास्त, ६० टक्क्यांत जवळजवळ नाही. म्हणजे सुरक्षिततेची तीन-साडेतीन मिनिटं हवीत तर थोडं फुफ्फुस मिटू द्यायचं. मी तरी ती मिनिटं सोडत नाही. मिटलेलं फुफ्फुस नंतर उघडता येतं, गेलेली मिनिटं परत येत नाहीत. पण नळी बसली की ऑक्सिजन कमी करायचा, ही शिस्त पाळायची.

मला या विषयाची ओढ का लागली, तेही सांगते. १९८८ साली मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या आबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा दुर्बिणीतून नव्हतं, बरगडीखाली वीतभर छेद असायचा. ऑपरेशन उत्तम झालं. पण दुखत होतं आणि आबा दुखतंय म्हणून सांगणाऱ्यांतले नव्हते. खोकला आला की दाबून ठेवायचे. श्वास वरवरचा. भेटायला आलेलं प्रत्येक माणूस एकच सांगायचं, "हलू नका, टाके उघडतील." त्या दवाखान्यातही त्यांना उठवून बसवायला कुणी आलं नाही. दोन दिवस आबा सरळ उताणे पडून होते. तिसऱ्या दिवशी ताप चढला, धाप लागली. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग गेलेला होता.

नव्याने रुजू झालेल्या एका वयस्कर सिस्टरनी त्यांना काखेत हात घालून बसवलं. पोटावर उशी धरायला लावली आणि म्हणाल्या, "आता खोका. जोरात. मी धरलंय." आमचे काका त्यांच्या अंगावर धावून गेले होते. आबा वाचले. पण आठ दिवसांचा मुक्काम बावीस दिवसांचा झाला आणि औषधांसाठी दावणीची एक म्हैस विकली गेली. आई पुढची कित्येक वर्षं हिशोब सांगायची, "ऑपरेशनला इतके लागले आणि पडून राहायला इतके." त्या सिस्टरनी काय केलं हे शास्त्र म्हणून मला नंतर शिकायला मिळालं. आबांना ते त्या दिवशीच कळलं होतं.

आता प्रश्न असा, की मागचा बाक झोपलाय हे ओळखायचं कसं? बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडपासून आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचं तत्त्व मांडलं आणि त्या एका चिमट्यानं भूल देणं कितीतरी सुरक्षित झालं. पण रुग्णाला जादा ऑक्सिजन चालू असेल तर हा चिमटा ९९ दाखवत राहतो. शाळा तपासणीला साहेब यायचे तेव्हा काय व्हायचं? पुढच्या बाकावरची चार हुशार मुलं सगळी उत्तरं द्यायची, साहेब खूश होऊन जायचे. वर्गाला किती येतं ते तसंच राहायचं. जादा ऑक्सिजन म्हणजे ती चार मुलं.

त्यावर स्पेनमधल्या डॉक्टरांनी एक साधा उपाय तपासून पाहिला आणि २०१७ साली प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर रुग्ण नीट जागा झाला की ऑक्सिजन पाच मिनिटं बंद करायचा, साध्या हवेवर ठेवायचं आणि चिमट्याकडे पाहायचं. ९६ किंवा त्याखाली आलं तर फुफ्फुसाचा काही भाग मिटलेला असण्याची दाट शक्यता. साहेबांनी पुढच्या चौघांना गप्प बसवून मग वर्गाला प्रश्न विचारावा, तसं. याला खर्च शून्य. अर्थात हे रिकव्हरी रूममध्ये, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर करायचं. घरी कुणी कुणाचा ऑक्सिजन काढून बघू नका.

दुसरी वाट सोनोग्राफीची. पूर्वी पुस्तकात असायचं की फुफ्फुसात हवा असते, म्हणून तिथे सोनोग्राफी चालत नाही. फ्रान्सच्या डॅनिएल लिश्टेनश्टाइन यांनी आयसीयूत दाखवून दिलं की ती चालते. हवा असलेलं फुफ्फुस एक तऱ्हेनं दिसतं आणि हवा गेलेलं अगदी यकृतासारखं भरीव दिसतं. अर्जेंटिनातल्या अकोस्टा, टुस्मान आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लहान मुलांवर याची एमआरआयशी तुलना केली. दहातल्या जवळजवळ नऊ वेळा सोनोग्राफीचं उत्तर बरोबर निघालं. किरणांचा त्रास नाही, मूल टेबलावरून हलवायला नको. आपल्याकडे सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदवावं लागतं, ते मनाला येईल तसं इकडून तिकडे नेता येत नाही. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कागदपत्रं जास्त करावी लागतात, पण काम होतं. छातीभोवती पट्टा बांधून विजेच्या अगदी सूक्ष्म प्रवाहानं कुठे हवा जाते आणि कुठे नाही हे पडद्यावर दाखवणारं यंत्रही आता आलं आहे.

ओळखलं की उघडायचं. उघडायला किती जोर लागतो? हेही स्वीडनमध्येच रोथेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली सीटीखाली मोजलं. पाण्याच्या २० सेंटिमीटर उंचीइतक्या दाबानं काहीच फरक पडला नाही. ३० ला निम्मं उघडलं. ४० ला जवळजवळ सगळं उघडलं. नंतर त्यांनीच दाखवलं की तो दाब सात-आठ सेकंद धरला तरी पुरतो. पण उघडल्यावर शुद्ध ऑक्सिजन चालू ठेवला तर पाच मिनिटांत पुन्हा मिटतं. ४० टक्के ऑक्सिजन आणि बाकी नायट्रोजन ठेवला तर चाळीस मिनिटांनंतरही बरंचसं उघडं राहतं. पुन्हा आजोबा कामाला आले. शिवाय श्वास सुटल्यावरही थोडासा दाब आत शिल्लक ठेवता येतो. आम्ही त्याला पीप म्हणतो. दाराला खडा लावून ठेवावा, तसं ते.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. मिटतं, ओळखा, जोर लावा, उघडा. मलाही वाटलं होतं की झालं. पण पुढची पंचवीस वर्षं संशोधनानं आम्हाला जे शिकवलं, ते यापेक्षा अवघड आहे.

आधी श्वासाचं माप. मी शिकत होते तेव्हा मशीनवर मोठे श्वास द्यायची पद्धत होती, किलोला १० ते १२ मिलिलिटर. २००० साली अमेरिकेत ८६१ अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मोठ्या श्वासांऐवजी किलोला ६ मिलिलिटर दिले. मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. कारण मागचा बाक बंद असताना मोठा श्वास दिला की तो सगळा पुढच्या उघड्या भागात घुसतो आणि तिथे इजा करतो. झोपलेल्यांचा अभ्यासही जागे असलेल्यांच्याच पाठीवर. आणि हा किलोचा हिशोब उंचीवरून काढायचा असतो, काट्यावरच्या वजनावरून नाही. चाळीस वर्षांत आपली वजनं वाढली, फुफ्फुसं तेवढीच आहेत.

२०१३ साली फ्रान्समध्ये पोटाच्या ऑपरेशनच्या ४०० रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला जुनी पद्धत. दुसऱ्याला छोटे श्वास, थोडा पीप आणि दर अर्ध्या तासानं फुफ्फुस उघडणं. मोठ्या गुंतागुंती २७.५ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर आल्या. आम्ही सगळे आनंदलो. पुढच्याच वर्षी युरोप-अमेरिकेत ९०० रुग्णांवर पाहिलं की पीप आणखी वाढवला तर आणखी फायदा होतो का. नाही झाला. फुफ्फुसाच्या गुंतागुंती ४० टक्के विरुद्ध ३९ टक्के. उलट रक्तदाब जास्त वेळा उतरला, कारण छातीत दाब वाढला की हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं.

सर्वांत मोठा धडा २०१७ सालचा. ब्राझीलमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं नऊ देशांत १,०१० अत्यवस्थ रुग्णांवर चाचणी झाली. न्यूमोनियासारख्या कारणांनी फुफ्फुसं निकामी होत आलेले हे रुग्ण. अर्ध्यांची फुफ्फुसं मोठा दाब देऊन नेटानं उघडली. सीटीचं चित्र, शरीरशास्त्राचं पुस्तक, अनुभवी लोकांचं मत, सगळं या उपायाच्या बाजूनं होतं. अठ्ठावीस दिवसांनी मोजलं तेव्हा सौम्य पद्धतीच्या गटात ४९.३ टक्के माणसं गेली होती आणि नेटानं उघडलेल्या गटात ५५.३ टक्के.

मला हा निकाल वाचलेला दिवस आठवतो. पटणारी गोष्ट खरी असेलच असं नाही, हे वाक्य आपण सगळे बोलतो. इथे ते माणसांच्या आकड्यांत लिहिलेलं होतं. ती चाचणी केली नसती तर आम्ही सगळे चांगल्या हेतूनं तेच करत राहिलो असतो आणि प्रत्येक मृत्यू आजाराच्या खात्यावर लिहिला असता. संशोधन म्हणजे नवा शोध लावणं, एवढंच आपल्याला वाटतं. त्याचा मोठा भाग आपल्याच आवडत्या कल्पनेला प्रश्न विचारण्याचा असतो. गणिताच्या सरांची सवय आठवते का? उत्तर आलं तरी ते म्हणायचे, "ताळा कर."

म्हणून आज मी काय करते, तर मध्यम मार्ग. छोटे श्वास, थोडा पीप, लागेल तेवढाच ऑक्सिजन, गरज दिसली तर रक्तदाबावर नजर ठेवून हलकेच उघडणं, डोक्याची बाजू जरा उंच. मागच्या बाकाला उठवायला संपूर्ण वर्ग हलवायचा नाही.

कधी कधी जोर न लावता नुसती जागा बदलून काम होतं. कोविडमध्ये तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, "पालथे झोपा." हे २०२० साली सुचलेलं नव्हतं. २०१३ साली फ्रान्स आणि स्पेनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या ४६६ अत्यवस्थ रुग्णांवर ते सिद्ध झालं होतं. दिवसातला बराच वेळ पालथं ठेवलं तर मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. माणूस पालथा केला की पाठीकडचा भाग वर येतो, त्याच्यावरचं ओझं उतरतं आणि तो आपोआप उघडतो. म्हणजे मागच्या बाकावरच्यांना पुढे आणून बसवलं. आपल्या वर्गात बाई हेच करायच्या आणि आमच्यातल्या काही जणांची दहावी त्यामुळेच निघाली. ते आज इथे आहेत, नावं घेत नाही.

शेवटची चाचणी मला सगळ्यांत प्रिय आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन होणाऱ्या ४४१ रुग्णांवर ती झाली. अर्ध्यांना माहितीपत्रक दिलं. बाकीच्यांना माहितीपत्रक आणि शिवाय ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टबरोबर एकदाच, तीस मिनिटं. त्या तीस मिनिटांत त्यांना समजावून सांगितलं की भुलीनंतर फुफ्फुसात काय होतं आणि शुद्धीवर आल्यापासून दर तासाला सावकाश खोल श्वास का आणि कसे घ्यायचे. फुफ्फुसाच्या गुंतागुंती २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्या. औषध नाही, यंत्र नाही. आपल्या शाळेच्या एका तासिकेपेक्षाही कमी वेळ आणि नीट शिकवणारं माणूस. सर, बाई, तुम्ही आयुष्यभर जे केलंत त्यानं माणसं वाचतात, याचा यापेक्षा रोखठोक पुरावा माझ्याकडे नाही.

तेव्हा आता तुमचं काम सांगते. कुणाचं ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला आधी भेटा आणि सगळं सांगा. विडी-सिगारेट, दमा, रात्रीचं जोरदार घोरणं, लपवू काही नका. सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करा. खोल श्वास आणि खोकणं आधी शिकून घ्या, कारण शुद्धीवर येता येता शिकायला जमत नाही. नंतर डॉक्टर परवानगी देतील त्या क्षणी उठून बसा, चाला. दुखत असेल तर सांगा. सोसणं हा तिथे गुण नाही, दुखलं की श्वास वरवरचा होतो. तीन गोळ्यांचं फुंकायचं, खरं म्हणजे आत ओढायचं, खेळणं देतात, त्यानं फार जादा फायदा होतो असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. पण ते समोर असलं की श्वास घ्यायची आठवण राहते, तेवढ्यासाठी चालेल. आणि भेटायला जाल तेव्हा "हलू नका, पडून राहा" हे वाक्य गाडीतच ठेवून जा.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या ऑपरेशनची बातमी आली की शंभर हात जोडलेले आणि पन्नास पुष्पगुच्छ पडतात. पडू देत. पण त्यातल्या एका तरी जणानं फोन करून विचारावं, "उठून बसलास का? या तासाचे श्वास झाले का?" बाई हजेरी घ्यायच्या तशी हजेरी घ्या. पुढच्या महिन्यात आपल्यातल्या एका मैत्रिणीचं ऑपरेशन आहे, तिनंच मला हे सांगायची परवानगी दिली आहे. तिला रोज फोन करणाऱ्यांची यादी मी जेवणाच्या टेबलाशी लावते. नावं लिहून जा.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, मागच्या रांगेसकट.